डिप्पर मारा की राव!

मंडळी, या शनिवारी कोड, क्लायंट आणि अप्रेजल या तिन्ही विषयांना सुट्टी. आज जरा भांडायचंय. ट्रकवाल्यांशी नाही, आरटीओशी थोडंसं, पण मुख्यतः तुमच्याशी. हो, तुमच्याशीच. हिंजवडीतून शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटून, नव्याकोऱ्या एसयूव्हीत चार मित्र आणि पाच बॅगा कोंबून लोणावळ्याला निघणाऱ्या तुमच्याशी.

भांडणाचा मुद्दा एका ओळीत सांगतो. समोरून कुणी येत असताना अप्पर चालू ठेवला, की काही सेकंदांसाठी तुम्ही त्या माणसाचे डोळे काढून घेता. आणि बहुतेकांना वाटतं की ही फक्त मॅनर्सची गोष्ट आहे. बस, इथेच सगळं चुकतं. ही मॅनर्सची नाही, गणिताची गोष्ट आहे. आणि गणित काही तुमच्या बाजूनं नाही.

आधी जागा सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

पुण्याहून लोणावळा लोकल पकडली की देहूरोड, मग बेगडेवाडी, मग घोरावाडी, मग तळेगाव. घोरावाडी स्टेशन एवढंसं, की डुलकी लागली तर कधी आलं नि कधी गेलं कळत नाही. पण या टापूत रात्री काय काय चालतं ते बघा. जुना मुंबई-पुणे हायवे घोरावडेश्वराच्या डोंगराला वळसा घालून सोमाटणे फाट्याकडे जातो. एक्सप्रेसवे किवळ्यापासून सुरू होऊन अलीकडून-पलीकडून सोबत करतो. तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटतात, बाइकांचे थवेच्या थवे बाहेर पडतात. लोकलमधून उतरलेली माणसं मोबाइलच्या उजेडात घर गाठतात. उसाच्या हंगामात कासारसाई-दारुंबऱ्याच्या संत तुकाराम कारखान्याकडे ट्रॅक्टर निघालेले असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस. कार्तिकी एकादशीच्या आधी कोकणातून आळंदीला निघालेल्या दिंड्या याच जुन्या हायवेनं चालत येतात. एकविरेला चालत जाणारे पालखीवाले वेगळेच.

म्हणजे एकाच डांबरावर ताशी चार किलोमीटरनं चालणारी आजी, ताशी पंधराचा ट्रॅक्टर आणि ताशी शंभरचे तुम्ही. आणि दिव्याचे खांब? असले तर असले.

२७ नोव्हेंबर २०२१ ला सकाळी याच जुन्या हायवेवर, साते गावाजवळ, आळंदीला निघालेल्या दिंडीत एक पिकअप घुसली आणि महिला वारकऱ्यांचा जीव गेला. १५ जुलै २०२४ च्या रात्री डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली बस एक्सप्रेसवेवर पनवेलजवळ एका ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली, पाच माणसं गेली. हे अपघात दिव्यांमुळे झाले असं मी म्हणत नाहीये. ते ठरवायला तपास यंत्रणा आहेत. मी एवढंच म्हणतोय की आपल्या रस्त्यांवर अंधारात माणसं आणि ट्रॅक्टर असतात. ते "अचानक" येत नाहीत. ते तिथेच असतात. आपल्याला दिसत नाहीत, इतकंच.

आता ते का दिसत नाहीत ते बघू.

"अरे पण अप्परशिवाय मला दिसतच नाही ना!"

हा ऑफिसच्या कँटीनमधला कायमचा डायलॉग. बरं, थोडं खरं आहे ते. नीट लावलेल्या डिप्परचा झोत समोर सरळ जात नाही, तो किंचित खाली झुकलेला असतो. साधारण एक टक्का. म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. तुमच्या गाडीचा दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. डाव्या बाजूला ही कड मुद्दाम थोडी वर उचललेली असते, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेची माणसं, पाट्या, दगड डावीकडेच असतात. पण मधल्या आणि उजव्या भागात हिशोब ६५ मीटरचाच.

आता गाडी थांबायला किती अंतर लागतं? दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा (हा अगदी जागा, फ्रेश ड्रायव्हर झाला) आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरा. ताशी ६० ला सुमारे ४५ मीटर. ८० ला ६९ मीटर. १०० ला ९७ मीटर.

पुन्हा वाचा. दिसतं ६५ पर्यंत, थांबता येतं ९७ वर.

म्हणजे डिप्परवर ताशी शंभरनं जाणारा माणूस शेवटचे तीसेक मीटर देवाच्या भरवशावर चालवत असतो. इथे आपला हुशार मित्र म्हणतो, "बघ! म्हणूनच अप्पर पाहिजे." अरे बाबा, समीकरणात दोन चलं आहेत. दिसण्याचं अंतर आणि वेग. त्यातलं एक तुझ्या उजव्या पायाखाली आहे. समोर रस्ता मोकळा असेल तर अप्पर लाव, शंभर वेळा लाव, तो त्यासाठीच दिलाय. समोरून कुणी आलं की डिप्पर कर आणि वेग साठ-सत्तरवर आण. इतकं साधं आहे. पण वेग कमी करणं म्हणजे आपल्याकडे मान खाली घालण्यासारखं. मग आपण वेग ठेवतो आणि त्याचं बिल समोरच्याच्या डोळ्यांवर फाडतो.

बिल किती येतं?

इंजिनियर आहोत तर आकडा काढूच. डोळ्यावर प्रखर झोत पडला की डोळ्याच्या आत, म्हणजे भिंगात आणि द्रवात, तो विखुरतो आणि दृष्टिपटलावर उजेडाचा एक पडदा पसरतो. पावसाळ्यात धुक्यात अप्पर लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तस्सं. फक्त हे धुकं डोळ्याच्या आत. या पडद्याचं माप काढायचं सूत्र शंभर वर्षं जुनं आहे. १९२० च्या दशकात हॉलाडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी मांडलं: डोळ्यावर पडणारा उजेड गुणिले दहा, भागिले झोताच्या कोनाचा वर्ग. झालं. एक्सेलमध्ये एका सेलचं काम.

आता जुन्या हायवेवरचा प्रसंग घ्या. समोरची गाडी ५० मीटरवर, मधलं आडवं अंतर साडेतीन मीटर. कोन येतो चार अंश. समोरच्यानं नीट लावलेला डिप्पर ठेवलाय, तर दोन दिव्यांचा मिळून तुमच्या डोळ्याकडे येणारा उजेड ७०० कँडेला धरू. पडदा येतो ०.१८. त्यानं अप्पर ठेवलाय, तर मी कंजूसपणे ३०,००० कँडेला धरतो. (युनोच्या वाहन-नियमांत एका गाडीच्या सगळ्या अप्परची मिळून कमाल मर्यादा ४,३०,००० आहे, त्यामुळे माझ्यावर अतिशयोक्तीचा आरोप करू नका.) पडदा येतो साडेसात.

०.१८ आणि ७.५. एकक आहे कँडेला दर चौरस मीटर, पण ते विसरा, गुणोत्तर बघा. चाळीसपट.

आता तुमच्या पुढे ५० मीटरवर, डाव्या कडेनं, गडद रंगाची साडी नेसलेली एक बाई चालतेय. तुमच्या डिप्परचा जो उजेड तिच्यावर पडतो त्यातला साधारण पाच टक्के गडद कापड परत पाठवतं. हिशोब केला तर तिची चमक येते सुमारे ०.१३. समोरच्यानं डिप्पर ठेवला असेल तर ०.१८ च्या पडद्यामागे ०.१३ ची बाई. अस्पष्ट, पण डोळ्याला सापडेल. अप्पर ठेवला असेल तर साडेसातच्या पडद्यामागे ०.१३. दोन टक्क्यांच्याही आत.

ती बाई पुसली गेली. फोटोशॉपमध्ये लेयर डिलीट करावा तशी.

आणि हे तरुण डोळ्यांचं गणित झालं. नंतरच्या सूत्रांत वयाचाही भाग आला. वय भागिले सत्तर, त्याचा चौथा घात, त्यात एक मिळवा, आणि पडद्याला त्यानं गुणा. पस्तिशीत फरक जेमतेम सहा टक्के. साठीत पडदा दीडपट. सत्तरीत दुप्पट. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. "बाबा हल्ली रात्रीची गाडी चालवायला का-कू करतात" असं म्हणून आपण हसतो ना, ते भित्रे झालेले नाहीत. त्यांना खरंच तुमच्यापेक्षा जाड पडद्यातून बघावं लागतं.

झोत निघून गेला की सगळं लगेच पूर्ववत होतं असंही नाही. डोळा सावरायला काही सेकंद घेतो. ताशी ८० ला दर सेकंदाला गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर. त्या ६६ मीटरमध्ये कोण होतं ते तुम्हाला नंतर कळतं.

मग आपल्याला भीती का वाटत नाही?

हा मला सगळ्यात रंजक वाटणारा प्रश्न. इतकं कमी दिसतं तर आपण आपोआप हळू का होत नाही?

याचं उत्तर १९७७ मध्ये लीबोविट्झ आणि ओवेन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपली नजर दोन कामं करते. एक, वाट धरणारी नजर. रस्त्याची कड, पांढरा पट्टा, वळण यांवरून गाडी लेनमध्ये ठेवणं. दुसरी, ओळखणारी नजर. ते समोरचं काय आहे, माणूस की पिशवी की म्हैस. अंधारात पहिली नजर फारशी बिघडत नाही. दुसरी साफ झोपते. पण गाडी तर लेनमध्ये मस्त चाललीय! स्टिअरिंग हातात पक्कं वाटतंय! त्यामुळे मेंदू म्हणतो, सगळं ठीक आहे, चल पुढे.

म्हणजे आत्मविश्वास एका सेन्सरवरून येतो आणि बंद पडलेला असतो दुसराच. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉनिटरिंग डॅशबोर्ड हिरवागार आणि डेटाबेस केव्हाच डाउन.

आणि चालणाऱ्याच्या बाजूला याची आरशातली प्रतिमा. त्याला तुमचे दिवे दोन किलोमीटरवरून दिसतात. त्यामुळे त्याला वाटतं, मला एवढं लख्ख दिसतंय म्हणजे त्यालाही मी दिसतच असणार. १९७० पासूनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच आलंय की पायी चालणारे रात्री स्वतःच्या दिसण्याचा अंदाज फार जास्त लावतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर उपाय तपासून दाखवलाय. चमकणारी पट्टी नुसती छातीवर लावण्यापेक्षा घोटे, गुडघे, मनगटं अशा हलणाऱ्या सांध्यांवर लावली तर ड्रायव्हरला तो "माणूस" म्हणून फार लवकर ओळखू येतो, कारण चालण्याची लय मेंदू झटकन पकडतो. दिंडीतल्या प्रत्येकाच्या घोट्याला दहा-वीस रुपयांची पट्टी. कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांनो, झाडं लावून फोटो काढून झाले असतील तर याकडे बघा जरा.

पण थांबा. पट्टी लावा म्हणून वारकऱ्याला सांगायचं आणि आपण अप्पर ठोकत जायचं, हा न्याय झाला का? साडेसातच्या पडद्यामागे पट्टीसुद्धा फिकी पडते.

"माझा तर डिप्परच असतो हो"

असं म्हणणारे सज्जन आता गालातल्या गालात हसत असतील. त्यांच्यासाठी वाईट बातमी आहे.

मघाचा एक टक्का आठवा. डिप्परची सगळी सभ्यता त्या एक टक्क्यावर उभी आहे. आता तुमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर समजा २.६ मीटर. मागच्या सीटवर तिघे, डिकीत बॅगा, बार्बेक्यूचं सामान, पाण्याचा क्रेट. गाडीचं बूड २.६ सेंटिमीटर जरी बसलं (आणि आरामात बसतं) तरी गाडी नाक वर करते एक टक्का. म्हणजे तुमचा डिप्पर आता आडवा झाला. आणखी थोडं बसलं की तो चढलाच समोरच्याच्या डोळ्यात. दांडा अप्परवर नाही, डॅशबोर्डवर निळा दिवा नाही, तुमची मान ताठ. आणि समोरचा बाइकवाला तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या देतोय.

यासाठी गाडीत एक गोल खटका असतो. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, ० १ २ ३ असं लिहिलेला. मागं माणसं बसली की १, सामान भरलं की २ किंवा ३. झोत खाली येतो. विचारा बरं तुमच्या ग्रुपवर किती जणांना माहितीय. सनरूफ कसं उघडायचं ते मात्र शोरूममधून निघायच्या आधी पाठ असतं. :-)

दुसरा गुन्हा एलईडीचा. इथे नीट समजून घ्या, कारण बाजारात अफाट गैरसमज आहेत. कंपनीतूनच एलईडी आलेला दिवा वेगळा, त्याचं भिंग, आरसा सगळं त्या एलईडीसाठीच आखलेलं असतं. पण हॅलोजनच्या घरात बाहेरून आणलेला एलईडी बल्ब कोंबणं हे वेगळंच प्रकरण. हॅलोजन बल्बमध्ये तार कुठे आहे, केवढी आहे, हे मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेलं असतं आणि मागचा आरसा त्या जागेवरूनच झोत घडवतो. नेहमीच्या एच-फोर बल्बमध्ये तर डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, जी खालचा उजेड अडवते आणि झोताची ती स्वच्छ कड तयार करते. तिथे तारेऐवजी दोन्ही बाजूंना चिपा चिकटवलेली पट्टी आली की आरशाला काय करावं कळत नाही. उजेड जिकडेतिकडे. तुम्हाला पुढचे वीस मीटर लख्ख पांढरे दिसतात, "काय भारी थ्रो आहे" असं वाटतं, आणि लांबचं मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसतं, कारण जवळच्या लखलखाटानं तुमचाच डोळा दिपतो. पैसे देऊन आपण कमी बघतो आणि समोरच्याला आंधळं करतो. कै च्या कै सौदा!

जुन्या वाचकांना आठवत असेल, एके काळी हेडलाइटच्या काचेवर वरच्या भागात काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका असायचा. विचार चांगला होता, पण काचेचा प्रत्येक भाग संपूर्ण झोताला थोडा थोडा हातभार लावतो, त्यामुळे ठिपक्यानं झोताची दिशा बदलत नाही, सगळाच उजेड थोडा कमी होतो. आज तो ठिपकाही गेला. ट्रकच्या मागची "यूज डिपर ॲट नाइट" ही पाटी तेवढी राहिली. २०१६ मध्ये तर टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशननं ट्रकचालकांसाठीच्या निरोधाला 'डिपर' असं नाव दिलं. शब्द इतका आपल्या अंगवळणी पडलाय. कृती तेवढी राहिलीय.

आता सरकारकडे वळू

कायदा नाही असं कृपया म्हणू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ वाचा. दिवा असा बांधलेला, बसवलेला आणि राखलेला हवा की गाडीपासून आठ मीटरवर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. किती नेमकं लिहिलंय बघा. एखादा ज्युनिअर डेव्हलपरसुद्धा यावर टेस्ट केस लिहील. प्रश्न एकच, ही टेस्ट चालवतो कोण?

नवीन मॉडेल बाजारात यायच्या आधी दिव्यांची चाचणी होते. कुठे? इथेच. एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून आहे. वाहतुकीवर काम करणारी सीआयआरटी भोसरीत १९६७ पासून. दिवे बनवणारे कारखाने चाकण-भोसरीत. म्हणजे देशात दिव्यांबद्दल ज्यांना सगळ्यात जास्त कळतं ती मंडळी घोरावाडीपासून तासाभराच्या अंतरावर बसतात. आणि घोरावाडीच्या अंधारात त्या ज्ञानाचा उजेड पोचत नाही.

कारण एकदा गाडी विकली की संपलं. व्यावसायिक गाड्यांना फिटनेस तरी असतो, नव्या स्वयंचलित केंद्रांत त्यांच्या झोताची तपासणीही होते. खाजगी कारला पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. पंधरा वर्षांत बंपर तीनदा बदलतो, बल्ब पाचदा, काच पिवळी पडते, दिव्याचा स्क्रू कुठल्या तरी गॅरेजवाल्या पोऱ्यानं अंदाजानं फिरवलेला असतो. प्रॉडक्शनला गेल्यावर एकही टेस्ट नाही. आपल्या कंपनीत असं कुणी केलं तर त्याला घरी बसवतील.

डोळ्यांचंही तेच. लायसन्सच्या पहिल्याच फॉर्ममध्ये आपण स्वतःच लिहून देतो की २५ मीटरवरची नंबरप्लेट "दिवसाच्या चांगल्या उजेडात" वाचता येते. रातांधळेपणा आहे का? हो किंवा नाही, टिक करा. झाली रात्रीच्या नजरेची परीक्षा! अंधुक उजेडात दिसतं किती, झोत डोळ्यावर आल्यावर सावरायला किती वेळ लागतो, कुणी बघत नाही. साइटसेव्हर्ससारखी संस्था 'राही' या कार्यक्रमातून ट्रकचालकांचे डोळे तपासून चष्मे देते, त्यांना सलाम. पण हे काम दानधर्मावर का चालावं?

आणि आकडे बघा. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातले चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे, एकोणीस टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये. म्हणजे अंधार पडतो तेव्हा, आणि ज्यांना काचेचं कवच नाही त्यांच्यावर. वार्षिक अहवालात नियमभंगाची कारणं काय? वेग, दारू, उलट्या बाजूनं, सिग्नल, मोबाइल. उरलेलं सगळं "इतर". समोरच्याच्या झोतानं दिपलेला ड्रायव्हर माणसावर गेला तर ती नोंद "वेग" म्हणून पडणार. झोतवाला तर केव्हाच निघून गेलेला असतो, लोणावळ्यात त्याची मॅगीसुद्धा खाऊन झालेली असते. त्याला कळतही नाही की आपल्या मागे काय झालं. असा गुन्हा शोधणार कसा आणि मोजणार कसा? आणि जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही, हे आपण दर सोमवारच्या मीटिंगमध्ये एकमेकांना ऐकवत असतोच.

मोजलं तर काय होतं त्याचं उदाहरण देतो. अमेरिकेत आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेनं २०१६ मध्ये हेडलाइट्सना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीतल्या ३१ मध्यम कारपैकी फक्त एकीला "चांगला" शेरा मिळाला. एकीला! कंपन्यांची लाज गेली आणि दिवे सुधारले. त्यात दुसऱ्याला दिपवलं तर गुण कापतात, हेही महत्त्वाचं. पुढे २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलं की चांगल्या दिव्यांच्या गाड्यांचे रात्रीचे एकट्या गाडीचे अपघात वाईट दिव्यांच्या गाड्यांपेक्षा १९ टक्के कमी आहेत. आपल्याकडे भारत एनकॅप २०२३ मध्ये आलं, फार चांगलं झालं. पण त्याच्या पहिल्या आराखड्यात हेडलाइटला एकही गुण नाही. गाडी आपटल्यावर आतला माणूस किती वाचतो याला तारे. आपटूच नये म्हणून नीट दिसतं का, याला काही नाही.

आणि रस्ता सुधारत नाही असंही नाही. एक्सप्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन, एमएसआरडीसी आणि महामार्ग पोलिसांनी एकेक ठिकाण, एकेक कारण धरून काम केलं आणि पुढच्या वर्षांत तो आकडा बराच खाली आला. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

मागण्या

नुसतं रडगाणं नको, म्हणून चार मागण्या.

एक. पीयूसी काढताना झोत तपासा. त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र नको. सपाट जागा, दहा मीटरवर भिंत, दिव्याच्या उंचीवर एक रेघ आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. झोताची कड खालच्या रेघेवर आली तर पास. धुराची तपासणी होते तेवढ्याच वेळात होईल.

दोन. हॅलोजनच्या घरात घालायचे एलईडी दुकानात विकणाऱ्याला पकडा, फक्त लावणाऱ्याला नको. खोक्यावर बारीक अक्षरात "ऑफ-रोड वापरासाठी" लिहून सुटका करून घेण्याचा खेळ बंद करा. सोमाटण्यात कुणाचं रॅलीचं मैदान आहे?

तीन. चाळिशीनंतरच्या वैद्यकीय दाखल्यात अंधुक उजेडातली आणि झोत पडल्यानंतरची नजर तपासा. आणि ज्यांना चष्मा लागेल त्या व्यावसायिक चालकांना तो द्या, त्यांचं लायसन्स हिसकावून घेऊ नका. पोटावर पाय दिला तर कुणी तपासायला येणारच नाही.

चार. भारत एनकॅपमध्ये दिव्यांना गुण द्या, आणि दुसऱ्याला दिपवलं तर कापा.

"सगळं ऑटोमॅटिक होणार आहे, अडॅप्टिव्ह बीम येतायत" असं म्हणणारा एक जण कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. हो, येतायत. समोरच्या गाडीपुरता झोत कापणारे दिवे युरोपात बरीच वर्षं आहेत, अमेरिकेनं २०२२ मध्ये परवानगी दिली, आपल्याकडेही महागड्या गाड्यांत आलेत. छानच आहेत. पण ते समोरचे दिवे बघून कापतात. मागचा दिवा फुटलेली ट्रॉली आणि बिनदिव्याची सायकल घेऊन चाललेला माणूस त्यांना कसा ओळखू यायचा? आणि आज शोरूममधून निघालेली साधी गाडी पुढची पंधरा वर्षं रस्त्यावर राहणारच आहे. तंत्रज्ञान येईल तेव्हा येईल. दांडा आत्ता तुमच्या बोटाशी आहे.

दुसरा जण म्हणेल, "समोरचा करत नाही, मग मी का करू?" हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. समोरच्यानं तुम्हाला आंधळं केलं, तुम्ही सूड म्हणून त्याला आंधळं केलं. आता ताशी ८० नं एकमेकांकडे येणारी दोन आंधळी वाहनं झाली. आणि मधे कडेनं चालणारी ती बाई, जिनं कुणाचंच काही बिघडवलेलं नाही. या भांडणात हरणार कोण, ते ठरलेलंच आहे.

तेव्हा मंडळी, उद्या रविवार आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी भिंतीसमोर लावा, टेपनं दहा मीटर मोजा, खडूनं दोन रेघा मारा. कड वर गेलेली असेल तर सोमवारी गॅरेजमध्ये जा. स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागतात. आणि पुढच्या शुक्रवारी सोमाटणे फाटा ओलांडताना समोर दोन दिवे दिसले, की बोट हलवा.

डिप्पर मारा की राव!